आपले मदतनीस : बालवाडीतील कृतिपाठ

“पत्र कोण आणतो?” “पोस्टमन!” “औषध कोण देतो?” “डॉक्टर!” “मडके कोण घडवतो?” “कुंभार!” भिंतीवर रंगीत तक्ता टांगलेला असतो, बाईंच्या हाती छडी असते आणि चाळीस चिमुकले कंठ एका सुरात उत्तरे देत असतात. पाहुण्यांना हे दृश्य सुखावते आणि शेरेबुकात चांगला शेराही पडतो. परंतु त्याच दुपारी आरोग्य सेविका लसीकरणासाठी अंगणवाडीच्या दारात आली, की ज्या बालकाने सर्वात मोठ्या आवाजात “डॉक्टर!” म्हटलेले असते, तेच रडत आईच्या पदराआड दडते. त्याला वाक्य पाठ झालेले असते, माणूस मात्र कळलेला नसतो.

‘आपले मदतनीस’ हा विषय तीन ते सहा वर्षे वयोगटाच्या कार्यक्रमात सर्वत्र आढळतो. तो सोपा समजला जातो आणि म्हणूनच त्याच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. वास्तविक, आपण ज्या समाजात जन्मलो तो कोणाच्या श्रमावर उभा आहे, हे बालकाच्या कानी प्रथम या पाठातून पडते. कोणाचे काम मानाचे आणि कोणाचे हलके, हेही त्याला बहुधा याच पाठातून, कोणी मुद्दाम न शिकवता, समजते. तेव्हा हा पाठ कसा द्यावा याचा विचार शिक्षिका, पर्यवेक्षिका आणि ग्रामपंचायतीचे सदस्य या सर्वांनीच करावयास हवा.

परंपरा कृतीची आहे

बालक हाताने शिकते, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेंझो या श्रमिक वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथे बालकांना खेळण्यांपेक्षा खरी कामे अधिक भावली. हात धुणे, भांडी मांडणे, फरशी पुसणे यांत ती रमून जात. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांनी हा विचार भारतीय मातीत रुजविला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी त्याला महाराष्ट्राचे रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डीच्या प्रयोगाचा एक भाग आजच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसून आल्यावर ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी या नावाचा उगम तेथेच सांगितला जातो. महागडी विदेशी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यामुळे शंख-शिंपले, बिया, पाने, माती, बांबू आणि करवंट्या हेच शिक्षणाचे साहित्य झाले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविण्यापर्यंत त्याची मजल गेली. या कार्याची दखल घेऊन ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. बोर्डी आणि कोसबाड ही दोन्ही गावे आता पालघर जिल्ह्यात आहेत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर पोचले. नाव गेले, मात्र त्यामागची पद्धत सर्वत्र गेलीच असे म्हणता येत नाही. पोषण आहार, वजने आणि नोंदवह्या यांच्या व्यापात शालापूर्व शिक्षणाचा तास अनेक ठिकाणी तक्त्यावरच भागविला गेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ या वयोगटास शिक्षणाच्या पायाभूत स्तराचे स्थान दिले आहे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही खेळ आणि कृती यांवरच भर दिला आहे. कोसबाडला जे बांबू-करवंट्यांवर चालत होते, त्याला आता अधिकृत आधार लाभला आहे, एवढाच याचा अर्थ.

प्रारंभ कोठून करावा

तक्त्यावर क्रमाने पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, वैमानिक अशी चित्रे असतात. बालकाचा क्रम मात्र निराळा असतो. जे रोज दिसते ते त्याला आधी कळते, दूरचे नंतर. म्हणून पहिला पाठ अंगणवाडीच्या मदतनीस बाईंपासूनच सुरू करावा. रोज सकाळी घरोघर जाऊन मुलांना हाताला धरून आणणारी, खिचडी शिजविणारी, सांडलेले पुसून घेणारी ही स्त्री मुलांच्या आयुष्यातील घराबाहेरची पहिली मदतनीस होय. तिच्या पदाचे नावच ‘मदतनीस’ आहे आणि तरीही या पाठात तिचे नाव सहसा येत नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पाठ साधा आहे. मुलांनी एक दिवस तिच्यासोबत काम करावयाचे. कोणी डाळीतील खडे निवडावे, कोणी वाट्या मोजून मांडाव्या, कोणी पाण्याचा हंडा झाकावा. चुलीजवळ किंवा शेगडीजवळ मुलांना जाऊ देऊ नये. काम आटोपल्यावर मुलांनी गोल बसावे आणि मावशींना प्रश्न विचारावे. “तुम्ही किती वाजता उठता?” “तुमच्या घरी स्वयंपाक कोण करतं?” असे प्रश्न पाच वर्षांचे मूल सहज विचारते. मावशींनीही खरी उत्तरे द्यावी. वीस वाट्या मांडताना मुलांना वीसपर्यंतची संख्या आणि एकास-एक संगती आपोआप कळते. तक्ता न लावताही गणित झालेले असते.

टपालाचा आठवडा

मदतनिसांपैकी टपाल खात्याचा माणूस कृतिपाठास सर्वात सोयीचा. त्याचे काम टप्प्याटप्प्याने चालते, प्रत्येक टप्पा हाताने करून पाहता येतो आणि शेवटी पत्र खरोखर येऊन पोचते. त्यामुळे या पाठास एक दिवस नव्हे, पुरता आठवडा द्यावा.

पहिल्या दिवशी पत्र तयार होते. प्रत्येक मुलाने कार्डावर चित्र काढावे. मोठ्या मुलांनी बाईंच्या मदतीने त्यावर आपल्या नावाचे पहिले अक्षर गिरवावे. पत्र कोणाला पाठवावयाचे हे मुलानेच ठरवावे. आजीला, मामाला किंवा कारखान्यावर गेलेल्या वडिलांना, जशी त्याची इच्छा असेल तसे. पत्ता बाई लिहितील, पण लिहिताना मोठ्याने बोलतील: नाव, घर, वाडी, गाव, तालुका, जिल्हा. आपण एकाच वेळी घरात, वाडीत, गावात आणि जिल्ह्यात राहतो, ही कल्पना पाच वर्षांच्या बालकास मोठी नवलाची वाटते. शेवटी पिनकोडचे सहा अंक. हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात लागू झाला आणि महाराष्ट्रातील प्रत्येक पिनकोड ४ या अंकाने सुरू होतो. मुलांना तारीख सांगावयाची गरज नाही, परंतु आपल्या गावाचे सहा अंक त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी पेटी आणि शिक्का. बिस्किटांच्या खोक्याला गेरूचा रंग देऊन, फट पाडून टपालपेटी करता येते. अर्धा बटाटा कोरून किंवा भेंडी आडवी कापून रंगात बुडविली, की शिक्का तयार. चाकूचे काम बाईंनी करावे, ठसे मुलांनी उठवावे. शिक्का का मारावयाचा, हा प्रश्न कोणी तरी विचारतोच. तिकीट पुन्हा वापरले जाऊ नये आणि पत्र कोठून, केव्हा निघाले ते कळावे म्हणून, हे उत्तर बालकाला पुरते.

तिसरा दिवस वर्गवारीचा. या दिवशी खरी पत्रे बाजूला ठेवून वर्गात खेळण्यासाठी निराळी कार्डे घ्यावी. वर्गाचे चार कोपरे म्हणजे चार वाड्या. प्रत्येक वाडीला एक खूण द्यावी, पिंपळाचे पान, विहीर, देऊळ, चिंच यांपैकी. ज्या कार्डावर जी खूण असेल ते त्या कोपऱ्यात टाकावयाचे. तीन वर्षांच्या मुलास एक खूण ओळखता येते, साडेपाच वर्षांच्या मुलास खूण आणि रंग अशा दोन कसोट्या एकाच वेळी लावता येतात. एकाच खेळात निरनिराळ्या वयाच्या मुलांना निरनिराळे काम मिळते. एका खोलीत सर्व वयांची मुले सांभाळणाऱ्या सेविकेला याचा फार उपयोग होतो. थैली खांद्यावर टाकून वाटपास निघालेल्या मुलाने दारात “टपाल!” अशी हाक द्यावी, घरच्याने आपले नाव सांगावे आणि पत्र ताब्यात घ्यावे. एखादे पत्र चुकीच्या घरी गेले तर बाईंनी लगेच दुरुस्त करू नये. मुलांनाच चूक सापडते आणि ती सापडण्यात त्यांना मोठा आनंद होतो.

चौथ्या दिवशी खरी पत्रे घेऊन गावच्या शाखा डाकघरात जावे. शाखा डाकघर बहुधा एखाद्या खोलीत असते आणि तेथील ग्रामीण डाक सेवकांना वेळ थोडा असतो. म्हणून त्यांना आधी भेटून सोयीची वेळ ठरवावी आणि आठ-दहा मुलांच्या तुकड्या कराव्या. आत जाऊन काय पाहावयाचे हे आदल्या दिवशी मुलांशी बोलून ठरवावे: वजनाचा काटा, शिक्का, थैली. सर्वच दाखविण्याचा मोह धरू नये. मुलांनी आपापले पत्र स्वतःच्या हाताने पेटीत टाकावे, हा या सहलीचा मुख्य भाग आहे.

त्यानंतर वाट पाहावयाची. अनेक शिक्षिकांना हा भाग निरर्थक वाटतो, पण या पाठाचा कस त्यातच लागतो. “आज पत्र कुठं असेल?” हा प्रश्न रोज सकाळी विचारावा. थैलीत असेल, मोटारीत असेल, रेल्वेत असेल, दुसऱ्या गावच्या डाकघरात असेल. एका पत्रामागे न दिसणारी किती माणसे कामाला लागतात, हे या वाट पाहण्यातून बालकाच्या मनात उतरते. शक्य असेल तेथे बाईंनी एक पत्र अंगणवाडीच्याच पत्त्यावर टाकावे. ते ज्या दिवशी खऱ्या डाक सेवकाच्या हातून परत येईल, त्या दिवशी दुसरा कोणताही पाठ घेऊ नये.

धाक आणि विश्वास

टपालाच्या पाठात कौतुक अधिक असते. आरोग्य सेविका आणि पोलीस यांच्या पाठात गुंतागुंत आहे, कारण ही दोन्ही माणसे बालकास घरातूनच भयाच्या रूपाने भेटलेली असतात. “जेवला नाहीस तर सुई टोचायला लावीन”, “ऐकलं नाहीस तर पोलिसाला देईन”, ही वाक्ये सुशिक्षित घरांतही सर्रास ऐकू येतात. त्यांची किंमत फार मोठी असते. जत्रेत हरवलेले मूल गर्दीत गणवेशधारी पोलीस दिसताच उलट्या दिशेने पळते. ज्याच्याकडे जावयाचे त्याच्यापासूनच पळावयाचे, असे आपणच त्याला शिकविलेले असते.

म्हणून पालकांच्या सभेत हा मुद्दा प्रथम मांडावा आणि मगच पाठ घ्यावा. कृती अशी: वर्गातील चटया, बाक, खोकी मांडून जत्रा भरवावी. पाळणे, भेळ, खेळणी यांची दुकाने मुलेच लावतील. त्यात एक मूल ‘हरवते’. ते पोलिसाचे काम करणाऱ्या मुलाकडे जाते आणि आपले नाव, आईचे नाव, गावाचे नाव सांगते. पोलीस त्याचा हात धरून ध्वनिक्षेपकाच्या टेबलाशी नेतो, म्हणजे कागदाच्या कर्ण्याशी, आणि नाव पुकारतो. प्रत्येक मुलाला हरवण्याची पाळी यावी. आपले पूर्ण नाव व गाव सांगता येणे, हरवल्यावर आहे तेथेच थांबणे, अनोळखी माणसाबरोबर न जाता पोलीस, दुकानदार किंवा मूल सोबत असलेल्या बाईजवळ मदत मागणे, या गोष्टी सांगून येत नाहीत, करूनच येतात. मोठ्या मुलांना मदतीचा ११२ हा क्रमांक खेळण्यातील दूरध्वनीवर फिरवून दाखवावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि संकटातील बालकांसाठी १०९८ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अंकांत असावे, म्हणजे पालकांचेही त्यांच्याकडे लक्ष जाते.

आरोग्य सेविकेच्या पाठासाठी बाहुली पुरे. अंगणवाडीत वजनकाटा असतोच. मुलांनी बाहुलीचे वजन करावे, उंची मोजावी, नोंद करावी. नरसाळ्याला रबरी नळी जोडली की ऐकण्याचे साधन होते आणि त्यातून शेजाऱ्याच्या छातीचे ठोके खरेच ऐकू येतात. धावून आल्यावर ते पुन्हा ऐकावे, ठोके भराभर पडू लागलेले असतात. हा शोध मुलांना अनेक दिवस पुरतो. बाहुलीला लस टोचताना बाईंनी एक पथ्य पाळावे. “काही दुखत नाही” असे खोटे सांगू नये. थोडे दुखते, लवकर थांबते आणि मोठा आजार टळतो, हे खरे सांगावे. एकदा फसविले गेलेले मूल पुढच्या वेळी कोणाचेच ऐकत नाही. लसीकरणाच्या दिवसाआधी तीन-चार दिवस हा खेळ घेतला आणि आरोग्य सेविका किंवा आशा ताई यांना त्या खेळात बोलाविले, तर प्रत्यक्ष दिवशीची रडारड बरीच कमी होते.

मातीचे काम

कुंभार, सुतार, लोहार यांच्याकडे न्यावयाचे असल्यास सर्वांत आधी कुंभाराकडे न्यावे. लोहाराची भट्टी आणि सुताराची हत्यारे दुरूनच पाहावी लागतात, माती मात्र हाती येते. कुंभारकाकांनी चाकावर एक मडके काढून दाखवावे. ओले मडके थापटण्याने ठोकून मोठे कसे होते, हे पाहताना मुले श्वास रोखून बसतात. नंतर अंगणवाडीत आणलेल्या मळलेल्या मातीच्या पणत्या प्रत्येकाने कराव्या. त्यांतील काही वाळताना तडकतात आणि मुलांचा हिरमोड होतो. येथेच शिकणे सुरू होते. कोणाची पणती उन्हात ठेवली होती, कोणाची सावलीत? कोणाची जाड होती, कोणाची पातळ? मातीत खडा होता काय? पुढच्या खेपेस ती सावलीत ठेवण्याची सूचना मुलांकडूनच येते. टिकलेल्या पणत्या कुंभारकाकांच्या आव्यात भाजून मिळाल्या, तर दिवाळीत त्या प्रत्येक घरी लागतात. हे काम कुंभाराकडून फुकट करवून घेऊ नये. मुलांच्या देखत त्यांना त्याचे मोल द्यावे.

एस.टी. चालक-वाहकाचा खेळ तर शिकवावाही लागत नाही. बाक ओळीने मांडले की गाडी तयार होते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. तेव्हापासून ग्रामीण मुलाच्या कल्पनेतील सर्वात मोठा मनुष्य बहुधा तिचा चालकच असावा. त्या खेळात रांग, तिकीट, सुटे पैसे आणि म्हाताऱ्यांना जागा देणे एवढे आणले तरी पुरे.

झाडू कोणाच्या हाती

या विषयातील सर्वात नाजूक भाग येथे आहे आणि बहुतेक पाठ-टिपणांत तो गाळलेला असतो.

गावाच्या जुन्या व्यवस्थेत मदतनीस होतेच. बारा बलुतेदार गावाची कामे करीत आणि सुगीत धान्याच्या रूपाने बलुते घेत. त्या व्यवस्थेचे वर्णन पुष्कळदा गोड शब्दांत केले जाते. परंतु तिच्यात काम जन्माने ठरे, निवडीने नव्हे. ज्यांच्या वाट्यास गावाची सर्वात कष्टाची कामे आली, त्यांच्याच वाट्यास सर्वात अधिक अवहेलना आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधान परिषदेत महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले ते याच जोखडाविरुद्ध. ही कनिष्ठ ग्रामवतने पुढे १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि हाताने मैला साफ करण्यास माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

चार वर्षांच्या बालकास यातील काही सांगावयाचे नसते. परंतु खेळात डॉक्टर कोण होतो आणि झाडू कोणाच्या हाती दिला जातो, हे ते पाहत असते. शिक्षिकेच्या मनात काहीही वाईट नसताना सफाई कामगाराची भूमिका नेमकी त्याच वस्तीच्या मुलाला मिळाली आणि परिचारिका नेहमी मुलगीच झाली, तर अनुच्छेद १७ चा पाठ पुसला गेला असेच म्हणावे लागेल. यावरचा उपाय सोपा आहे. भूमिका चिठ्ठ्यांनी ठरवाव्या. एका डब्यात चित्रांच्या चिठ्ठ्या टाकाव्या, ज्याला जी येईल ती त्याने त्या दिवशी करावी आणि महिनाभरात प्रत्येकाच्या हाती स्टेथोस्कोप, झाडू, शिट्टी आणि थैली येऊन गेली काय, याची खूण नोंदवहीत ठेवावी. मुलीच्या हाती चक्र आणि मुलाच्या हाती पोळपाट येण्यातही कोणास नवल वाटू नये. एस.टी.त महिला वाहक आहेत आणि महाराष्ट्रात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मुलांच्या गावातच सरपंचबाई असतील, तर तक्त्यावरील मिशीवाल्या सरपंचाचे चित्र उतरवून ठेवणे बरे.

भाषेकडेही लक्ष द्यावे. घंटागाडी आली की मुले “कचरेवाला आला” असे ओरडतात. कचरा तर आपला असतो आणि तो नेणारा सफाई कर्मचारी असतो. ही गोष्ट मुलांना समजावून सांगितली, तर ती हसतात आणि लक्षात ठेवतात. डॉक्टरांना ‘अहो’ आणि सफाई करणाऱ्यास ‘अरे’, असा भेद शिक्षिकेच्या स्वतःच्या बोलण्यात नसावा. सर्वांना काका, मावशी, दादा, ताई असेच संबोधावे. वर्गात वाळलेली पाने आणि कागद यांचे ओला व सुका असे वेगळे ढीग करण्याचा खेळ घ्यावा. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा मुळाशीच वेगळा करणे घराघरावर बंधनकारक केले, ते चिमुकल्यांना सहज जमते. खरा कचरा मुलांनी हाताळावयाचा नाही. खेळानंतर साबणाने हात धुणे हा त्याच खेळाचा भाग समजावा. संत गाडगेबाबा स्वतः हातात खराटा घेऊन गावोगाव झाडीत, ही गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे.

आणखी एक बाब आहे. वर्गातील अनेक मुलांचे आईवडील शेतमजूर, वीटभट्टीवरचे किंवा ऊसतोडीचे कामगार असतात. त्यांना गणवेश नसतो, शिट्टी नसते, तक्त्यावर चित्र नसते. मदतनिसांच्या यादीत आपल्या घरचे कोणी नाही, असे त्या बालकास वाटू देऊ नये. ‘साखर कोणी आणली?’ या प्रश्नापासून सुरुवात करून ऊस तोडणाऱ्या हातांपर्यंत यावे. जमेल तेव्हा एखाद्या आईला तिची विळी किंवा खुरपे घेऊन वर्गात बोलवावे आणि त्या दिवशी तिच्या मुलाला तिच्या शेजारी बसवावे.

पंचायतीचा वाटा

हे सारे एकट्या सेविकेवर टाकणे अन्यायाचे होईल. तिच्याकडे आहार, वजने, गृहभेटी आणि नोंदी असतात. बाल विकास प्रकल्प अधिकारी व पर्यवेक्षिका यांनी वर्षाच्या प्रारंभीच कोणत्या महिन्यात कोणता मदतनीस घ्यावयाचा, हे ठरवून देणे इष्ट. जुलैत शेतकरी, दिवाळीपूर्वी कुंभार, जत्रेच्या आधी पोलीस, असे ऋतुमानाप्रमाणे ठरविल्यास पाठ आपोआप जिवंत होतो. मेळघाट किंवा गडचिरोलीत, जेथे बालकाची भाषा कोरकू, गोंडी किंवा माडिया आहे, तेथे हत्यारांची आणि कामांची नावे आधी त्याच भाषेत घ्यावी, मग मराठीत.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नापैकी १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्यातून खेळण्याचे साहित्य, सहलीच्या दिवशी पाण्याची आणि सावलीची सोय एवढे सहज होते. पैशापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे पंचायतीच्या दारात मुलांना प्रवेश मिळणे. सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी अर्धा तास काढून मुलांना कार्यालय दाखवावे. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने झडप फिरवून नळाला पाणी कसे येते ते दाखवावे. अशा भेटीत एखादे मूल “मग आमच्या गल्लीत का येत नाही?” असे विचारते. सोबतच्या बाई अशा वेळी मुलाला गप्प करतात, ते करू नये. सरपंचांनी मुलाला समजेल असे खरे उत्तर द्यावे आणि पाणी केव्हा येईल तेही सांगावे.

या पाठाची परीक्षा घ्यावयाची नसते, त्याच्या खुणा पाहावयाच्या असतात. महिन्याभराने सेविकेने आपल्या वहीत पुढील गोष्टी टिपाव्या: कोणते मूल लसीकरणाच्या वेळी स्वतः बाही वर करते, कोणास आपले पूर्ण नाव व गाव सांगता येते, घंटागाडीच्या दादांना कोण हाक मारते, वाट्या मांडण्यास न सांगता कोण पुढे येते. ज्या मुलापुढे एकही खूण पडलेली नाही, त्याच्या घरी पुढच्या गृहभेटीत आधी जावे. त्याच्यासाठी कोणता मदतनीस निवडावा हे त्याच्या आईशी बोलल्यावर कळते. कित्येकदा तो त्याच्या घरातच असतो.